पूर्ण एक मिनिट

माझा त्यांच्यावर अजून राग आहे. हे आधीच सांगते, कारण जुन्या माणसाबद्दल लिहायला बसलं की हात जोडूनच सुरुवात करायची अशी आपल्याकडे रीत आहे. ते आज आहेत की नाहीत, हेही मला ठाऊक नाही. असले तर सत्तरीच्या पुढे असतील आणि कुठल्या तरी तालुक्याच्या गावी एखाद्या नवख्या सिस्टरला रडवत असतील.

सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. मी नगरच्या एका हॉस्पिटलात पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात सिस्टर होते. चोवीस वर्षांची, कडक इस्त्रीची, कामाला चोख. निदान माझी तशी समजूत होती. ते त्या वॉर्डाचे डॉक्टर. आम्ही त्यांना 'साहेब' म्हणत असू आणि हॉस्पिटलच्या प्रमुखांना 'मोठे साहेब'. मुंबईच्या नावाजलेल्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून साहेब नगरला का आले याची तीन कारणं सांगितली जात : भांडण, भांडण आणि भांडण.

शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पायात टायरच्या चपला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. सायकलवरून यायचे. सायकलला घंटी नव्हती, रस्त्यात कोणी आडवं आलं तर तोंडाने "ओ! ओ!" करायचे. हॉस्पिटलच्या फाटकातूनही तसेच ओरडत आत शिरायचे आणि वॉर्डातल्या मावशी म्हणायच्या, "आला बघा भोंगा. आवरा लवकर."

राउंडला आले की पेशंटच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. चादर पायाकडून उचलायची आणि दोन्ही पायांचे अंगठे मुठीत धरायचे. गरम आहेत की गार, कोरडे की घामेजलेले. "तोंड खोटं बोलतं. डॉक्टर आला की हसतं. अंगठ्याला हसता येत नाही."

नेवाशाकडचे एक म्हातारे शेतकरी दाखल झाले होते. साहेबांनी त्यांचे अंगठे धरताच ते पाय ओढून उठूनच बसले.

"अवं साहेब, काय करता? तुमच्यासारक्या शिकल्याल्या मानसानं माज्या पाया पडावं व्हय? पाप लागंल मला!"

"पाया पडत नाही, आबा. रक्त पोचलंय का बघतोय."

"मंग त्वांडानं इचारायचं हुतं की! पोचलंय म्हनून सांगितलं असतं."

सगळा वॉर्ड हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी अंगठे पुन्हा मुठीत घेतले, बराच वेळ धरले आणि म्हणाले, "पोचलेलं नाही, आबा."

आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगते, जी सहसा कोणी बाहेर बोलत नाही. वॉर्डात चाळीस खाटा आणि पाळीला एक सिस्टर. प्रत्येक खाटेला तक्त्याचं एक पान टांगलेलं. त्यावर ताप, नाडी आणि श्वास लिहायचा. ताप आम्ही खरा मोजत असू, कारण तो नातेवाइकांनाही हात लावून कळतो. श्वास सगळ्यांचा वीस. नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची आणि फारच घाई असली तर मनगटाला बोटं टेकवून कालच्या आकड्याच्या आसपासचा आकडा लिहायचा. ही युक्ती माझी नव्हे. मला माझ्या आधीच्या सिस्टरने शिकवली, तिला तिच्या आधीच्या. कुठल्याही वॉर्डात जा, चाळीस माणसं एका तालात श्वास घेताना दिसतील.

साहेबांनी हे आल्याच्या पहिल्या आठवड्यात पकडलं. एका पेशंटचं पान त्यांनी माझ्या नाकासमोर धरलं.

"चार वेळा बहात्तर? सिस्टर, हा माणूस आहे की भिंतीवरचं घड्याळ?"

आणि पान फाडलं. उभं, बरोबर मधोमध. दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "पुन्हा."

पुढे तो नियमच झाला. पान फाटलं की नवीन पान घ्यायचं, वर 'पुन्हा' असं लिहायचं, नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची आणि मगच आकडा मांडायचा. मोजली नसेल तिथे 'मोजली नाही' असं लिहायचं. जागा रिकामी सोडायची नाही आणि अंदाज तर मुळीच लिहायचा नाही.

"सिस्टर, 'मोजली नाही' हाही आकडाच आहे. तो वाचून मला काहीतरी करता येतं. खोट्या बहात्तरावर मी काय करू?"

पहिल्या महिन्यात माझी अकरा पानं फाटली. पेशंटांसमोर, मावशींसमोर, एकदा तर पेशंटला भेटायला आलेल्या माझ्याच शेजारणीसमोर. मी मोठ्या साहेबांकडे तक्रार घेऊन गेले. त्यांनी चष्मा पुसत ऐकलं आणि म्हणाले, "तो फाडतो, तुम्ही लिहा. पानं आपल्याकडे पुष्कळ आहेत."

मोठे साहेब वाईट नव्हते. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण लिहायला हवं. त्यांना वॉर्ड शांत हवा असे, एवढंच.

साहेबांच्या सायकलला प्लास्टिकच्या वायरची विणलेली पिशवी लटकलेली असे. त्यात खाली जेवणाचा डबा आणि वर हृदयाचा डबा. दुसऱ्या डब्याला आम्हीच ते नाव दिलं होतं. ट्रान्झिस्टरएवढा, करड्या रंगाचा, बॅटरीवर चालणारा. मुंबईहून त्यांनी स्वतःचा म्हणून आणलेला. ज्याचं हृदय फार सावकाश चालतं त्याच्या दंडातल्या शिरेतून एक बारीक तार हृदयापर्यंत सरकवायची आणि तिचं बाहेरचं टोक या डब्याला जोडायचं. डब्याला दोन बटणं : मिनिटाला किती इशारे द्यायचे आणि किती जोराने. प्रत्येक इशाऱ्याला एक लाल दिवा लुकलुके.

तो दिवा आम्हाला फार आवडायचा. साहेबांना त्याचा संताप होता. त्यावर ते चिकटपट्टी लावायचे आणि मावशी पुसता पुसता ती काढून टाकायच्या.

"हा डबा बहिरा आहे," ते म्हणत. "बोलतो, ऐकत नाही. दिवा लागला म्हणजे डब्याने हाक मारली. हृदयाने 'ओ' दिली की नाही, ते दिव्याला कळत नाही. ते मनगटात कळतं. परदेशात आता ऐकणारे डबे निघालेत. हृदय आपणहून चाललं की ते गप्प बसतात. आपल्याकडे ऐकायला तुम्ही आहात."

कौतुक केलं की टोमणा मारला, ते त्यांच्या बोलण्यावरून कधीच कळत नसे.

गळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता तेव्हा मिस्त्रींना आणलं. पुणतांब्याकडचा माणूस. एका साखर कारखान्यात उसाची मिल सांभाळायचे. वय पंचावन्नच्या आसपास, मनगटं जाड, एका कानाने कमी ऐकू येणारे. मिलच्या शिडीवर चढताना त्यांना भोवळ आली. खालच्या दोघांनी शर्टाला धरलं म्हणून ते रोलरपासून वाचले. दाखल झाले तेव्हा नाडी चौतीस होती. पूर्ण मिनिट मोजून चौतीस.

मरणाची त्यांना फारशी फिकीर दिसली नाही. त्यांची एकच रड होती. "बाई, मिल सुरू झालीया अन् मी हितं खाटंवर. त्या पोरान्ला मिलचा आवाज कळत न्हाई. बिघडायच्या आदी ती निराळी वाजती. ते मलाच कळतं. मला परत शिडी चढता यील का, तेवडं इचारा साहेबाला."

कारखान्याने निरोप पाठवला होता की भोवळ येणाऱ्या माणसाला मिलजवळ फिरकू देणार नाही. म्हणजे प्रश्न शिडीचा होता. जीव राहील की नाही हा डॉक्टरांचा प्रश्न. मिस्त्रींचा प्रश्न शिडी.

पहिल्या दिवशी साहेबांनी तार हृदयाच्या खालच्या कप्प्यात ठेवली. तिथे ती छान अडकून बसते. डबा सत्तरवर लावला. नाडी सत्तर झाली. मोठे साहेब येऊन बघून गेले, खूश झाले. साहेब मात्र खाटेशी स्टूल टाकून बसले. बटण साठवर, सत्तरवर, ऐंशीवर, नव्वदवर न्यायचे आणि दर वेळी रक्तदाब, लघवी आणि अंगठे बघायचे. रक्तदाब शंभराच्या वर जाईना. नव्वद ठोक्यांना तर आणखी खाली आला.

"साहेब, पडत न्हाई हे खरं," मिस्त्री म्हणाले. "पर गळ्यात कोन तरी आतून धडका मारतंय. अन् उठून बसलं की डोस्कं गरगरतं."

साहेबांनी त्यांना समजावून सांगितलं. पेशंटला समजावणं हा त्यांचा एकच मृदू दुर्गुण. हृदयात वरचे कप्पे असतात आणि खालचे. वरच्यांनी आधी आकुंचन पावून खालच्यांत रक्त भरायचं, मग खालच्यांनी ते अंगभर फेकायचं. "आपली तार खाली आहे. खालचा कप्पा आमच्या हाकेवर पळतो, वरचा त्याच्या मर्जीने. वरच्याने नीट भरायच्या आत खालचा दाबून मोकळा होतो."

मिस्त्री कोपरावर उठले. "म्हंजी गव्हानीत ऊसच न्हाई अन् मिल फिरतीया!"

मी नगर शहरातली. गव्हाण म्हणजे काय ते मला मिस्त्रींनीच सांगितलं : उसाच्या मोळ्या पडतात आणि पुढे मिलकडे सरकत जातात ती जागा. ती भरलेली नसेल तर रोलर नुसते फिरतात, रस निघत नाही.

"अन् नुसती पळवली तर अजूनच वाटोळं," मिस्त्री म्हणाले. "म्हनून तुमचं नव्वदला बिघडलं."

साहेब पेशंटच्या खाटेवर बसलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. "मिस्त्री, तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं."

"अन् मिल कोनी चालवली असती? तुमी?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी एक्स-रेच्या खोलीत पडद्यावर बघत तार मागे ओढून वरच्या कप्प्यात टेकवली. मिस्त्रींच्या हृदयातली वरून खाली जाणारी वाट शाबूत होती. बिघाड होता तो सुरुवातीच्या इशाऱ्यातच. आता वरच्याला हाक मारली की तो स्वतः खालच्याला हाक देई. डबा तोच, आकडा तोच सत्तर. रक्तदाब एकशे वीस. अंगठे गरम. गळ्यातल्या धडका बंद. दुपारी मिस्त्रींनी बायकोने आणलेल्या दोन भाकरी खाल्ल्या आणि खाटेच्या काठावर पाय सोडून बसले. "लई दिसांनी डोस्कं साफ झालं, बाई. आता शिडी दिसाया लागली."

मी या दोन दिवसांत त्यांची नाडी मोजणाऱ्या तिघींपैकी एक होते आणि तो फरक मला बोटांनी कळत होता. खालच्या तारेची नाडी पातळ, वरच्या तारेची भरदार. आकडा एकच. हे मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

पण वरच्या तारेला एक खोट होती. "खाली तार अडकून बसते," साहेब म्हणाले, "वर ती नुसती टेकून उभी असते. घसरू शकते. एकदम सुटणार नाही. आधी दहांतला एखादा ठोका चुकेल, मग दोन, मग चार. तेवढ्यात मला बोलवायचं. अर्धा तास हातात असतो. म्हणून दर पंधरा मिनिटांनी नाडी. हाताने. पूर्ण एक मिनिट."

त्यांना अजून दोन दिवसांची नोंद हवी होती. मग ते स्वतः मिस्त्रींना घेऊन मुंबईला जाणार होते आणि तिथल्या सर्जनांना कायमची तार वरच्या कप्प्यावर टाकायला लावणार होते. "तिथले लोक तोंडी ऐकत नाहीत. त्यांना कागद दाखवावा लागतो." तो कागद म्हणजे मिस्त्रींच्या खाटेला टांगलेलं माझं पान.

मोठ्या साहेबांचं आणि त्यांचं व्हरांड्यात वाजलं. आम्ही आत ऐकत होतो.

"हा प्रयोग आहे. पेशंट पडत नाही ना? मग तार खाली ठेव आणि मोकळा हो. आधी टिकेल ते बघावं, बरं वाटेल ते नंतर."

"पंधरा मिनिटांनी नाडी बघितली तर वरचीही टिकते."

"आणि नाही बघितली तर?"

"का नाही बघणार? सिस्टर कशासाठी आहेत?"

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या ट्रस्टचे अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन डबा बघायला येणार असा निरोप आला. सगळी धांदल. चादरी बदला, स्टुलं हलवा, खाटेखालची भांडी उचला. साहेबांना मिस्त्रींच्या उशाशी उभं राहून माहिती द्यायला सांगितलं. ते म्हणाले, "मी गारुडी नाही," आणि तीन वाजता सायकल काढून घरी निघून गेले. जाताना मला म्हणाले, "सिस्टर, पंधरा मिनिटांनी. हाताने."

तीनची नाडी मी मोजली. सत्तर, भरदार. दहा मिनिटांनी पाहुणे आले. मला गुलाबपाण्याचं तबक घेऊन दाराशी उभं केलं होतं आणि मोठ्या साहेबांनी बजावलं होतं की पाहुणे असेपर्यंत पेशंटवर कोणी वाकून उभं राहायचं नाही, बघणाऱ्यांना वाटतं तो मरायला टेकलाय. मी दारातून मिस्त्रींकडे बघत होते. दिवा नीट लुकलुकत होता. अध्यक्ष पाहुण्यांना दिव्याकडे बोट दाखवून सांगत होते, "हे बघा, हे त्यांचं हृदय चाललंय." आणि खरं सांगते, मलाही तेच वाटलं. इतके दिवस ऐकूनही मलाही तेच वाटलं. पाहुणे दुसऱ्या टोकाला गेले तशी मी घाईने पान घेतलं. सव्वातीन, सत्तर. साडेतीन, सत्तर. पुढे चहा. पावणेचार, सत्तर. तिन्ही आकडे मी दिव्याकडे बघून लिहिले. मिस्त्रींकडेही बघितलं नाही. ते काही तरी पुटपुटत होते. "बाई, जरा गार वाटतंया," असं म्हणाले. त्याचा अर्थ मला नंतर कळला. मी म्हटलं, "पंखा बंद करते हं, मिस्त्री."

चारला पाच मिनिटं असताना त्यांचे डोळे वर गेले आणि झटके आले. दिवा लुकलुकतच होता. मनगटाला नाडी नव्हती. मी छातीवर बुक्के मारले, मावशी ओरडत धावल्या. साहेबांना आणायला सायकलवर माणूस गेला. ते जवळच राहत, आणि त्यांचा "ओ! ओ!" फाटकातून ऐकू आला तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात मिस्त्रींचं हृदय आपणहून अधूनमधून ठोके देऊ लागलं होतं. एक्स-रेच्या खोलीत न्यायला वेळ नव्हता. साहेबांनी तिथेच, न बघता, तार आत ढकलून खालच्या कप्प्यात घुसवली. नाडी आली. सत्तर. पातळ. मिस्त्री वाचले.

पाहुणे अजून चहा घेत होते. मोठे साहेब घाम पुसत म्हणाले, "हेच मी आधीपासून सांगत होतो."

साहेबांनी मिस्त्रींचे अंगठे धरले. मग पान घेतलं. त्यांनी ते फाडावं म्हणून मी हात पुढे केला होता. त्यांनी विचारलं, "सिस्टर, हे तीन सत्तर कुठून आले?"

"नाडीवरून," मी म्हटलं.

त्यांनी पान खाटेला परत टांगलं. माझं मनगट धरलं, घड्याळ समोर आणलं आणि सगळ्यांसमोर माझी नाडी मोजायला लागले. पूर्ण एक मिनिट. एवढं लांब मिनिट मी पुढे आयुष्यात पाहिलं नाही. मग हात सोडला आणि म्हणाले, "एकशे अठरा. हा आकडा खरा आहे."

बस. एवढंच. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांच्या खोलीत बैठक झाली. पान टेबलावर होतं. मोठ्या साहेबांनी आकडे वाचून दाखवले. पंधरा मिनिटांनी नाडी बघितलेली, शेवटपर्यंत सत्तर, आणि दहा मिनिटांत पेशंट बेशुद्ध. म्हणजे सिस्टर चोख, डबा चोख, खोट त्या पद्धतीतच. वरची तार सूचना न देता सुटते. तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. "तुम्हाला काही म्हणायचंय?" त्यांनी साहेबांना विचारलं.

साहेब म्हणाले, "नाही."

महिन्यात अकरा पानं फाडणारा माणूस. श्वासाच्या रकान्यात नुसतं वीस दिसलं तरी घसा फोडणारा माणूस. ज्या एका पानासाठी त्याने आकाशपाताळ एक करायला हवं होतं त्या पानासमोर तो "नाही" म्हणून गप्प बसला. मावशी मला म्हणाल्या, "तुमची नोकरी वाचवली हो त्यांनी. मोठ्या मनाचा मानूस." मला तेव्हाही चीड आली आणि आजही येते. मी सांगितलं होतं का वाचवा म्हणून? की ते स्वतः रुसून घरी जाऊन बसले होते, त्याची शिक्षा स्वतःला देत होते? मग ती स्वतःलाच द्यायची होती. माझी नोकरी आणि त्यांचा पश्चात्ताप, दोन्हींची भरपाई तिसऱ्याच माणसाच्या शिडीतून करायचा हक्क त्यांना कोणी दिला?

कारण ते पान मुंबईला गेलं. साहेब गेले नाहीत, पान गेलं. सोबत मोठ्या साहेबांचं पत्र. कारखान्याने सोय केली आणि मुंबईच्या सर्जनांनी कायमचं यंत्र बसवलं, तार खालच्या कप्प्यात. त्यांची तरी काय चूक? त्यांच्यासमोरच्या कागदावर लिहिलं होतं की वरची तार टिकत नाही.

महिनाभराने साहेबांनी राजीनामा दिला. वायरची पिशवी हॅन्डलला अडकवून फाटकातून बाहेर पडले. माझ्याशी बोलले नाहीत. फाटकाबाहेर एक म्हशी हाकणारा आडवा आला, त्याला "ओ! ओ!" केलं तेवढंच.

मोठ्या साहेबांनी मिस्त्रींचं उदाहरण पुढे दोन-तीन वर्षं प्रत्येक समारंभात सांगितलं. "वाचला ना!" असं म्हणून ते टाळ्यांसाठी थांबायचे.

सव्वा वर्षाने मिस्त्री तपासणीला आले. मी त्यांची नाडी पूर्ण मिनिट मोजली. सत्तर. एक कमी नाही, एक जास्त नाही. पातळ.

"कसं आहे, मिस्त्री?"

"पडत न्हाई." ते दम घ्यायला थांबले. "पर जीव न्हाई अंगात. गळ्यातल्या धडका हायेतच. कारखान्यानं गेटवर स्टुलावर बसवलंय. मिलचा आवाज तितवर येतो, बाई. बिघडली की कळतं. उठून जाऊस्तवर दम लागतो. शिडी तर लांबच." मग म्हणाले, "तवा दोन दिस जसं वाटलं तसं परत का न्हाई वाटत? डबा तर ह्योबी सत्तरच मारतोय."

तेव्हा मी सांगितलं. सगळं. दारातलं तबक, दिवा, तीन आकडे.

त्यांनी तीन बोटं वर केली.

"तीन येळा?"

"तीन वेळा."

"साहेबाला म्हाईत हुतं?"

"हो."

"अन् त्यो बोलला न्हाई?"

"नाही."

मिस्त्री म्हणाले, "माज्या हाताखालच्यानं गेज न बघता आकडा लिवला ना, तर मी त्याला शिडीवरनं खाली हाकलायचो. उभ्या हंगामात परत वर येऊ देत न्हवतो." खाटेच्या दांड्याला धरून ते उठले. "तुमाला कोन हाकलनार, बाई?"

दारापर्यंत जाताना ते दोनदा थांबले. मी हात द्यायला गेले, त्यांनी घेतला नाही.

मुंबईहून ते पान केव्हाच परत आलं होतं, त्याच आठवड्यात मी ते रेकॉर्डच्या खोलीतून काढलं. तसं करणं गुन्हा आहे, केलं. साहेबांचा पत्ता टपालवाल्याकडून मिळवला. खानदेशातल्या एका गावी होते. पानासोबत दोन ओळी लिहिल्या : तिन्ही आकडे दिव्यावरून लिहिले होते, आणि मिस्त्री गेटवर स्टुलावर बसतात.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. आत तेच पान होतं. उभं फाडलेलं, बरोबर मधोमध. चिठ्ठी नाही. पाकीट उलटं करून झटकलं, कडा फाडून आत बघितलं. काहीच नाही. एक शब्द लिहायला काय जात होतं? शिवीसुद्धा चालली असती. मी एवढी रडले, एवढी संतापले की मावशींनी दार लावून घेतलं.

मिस्त्री पुढे चार वर्षं जगले. मेले तेव्हा यंत्र चालू होतं, असं त्यांच्या बायकोने सांगितलं. सत्तर.

दोन्ही तुकडे अजून माझ्याकडे आहेत. नवीन पान घ्यायला मला वीस वर्षं लागली.

पुन्हा.

तीन : सत्तर. हाताने, पूर्ण एक मिनिट.

सव्वातीन : मोजली नाही.

साडेतीन : मोजली नाही.

पावणेचार : मोजली नाही.